फोनवरची उत्तरं वेबसाइटवर उतरवा: धंद्याच्या साइटला ब्लॉग जोडताना

मे महिना उजाडला की मुंबईतल्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा फोन थांबत नाही. शंभर फोन आले तरी प्रश्न मोजून सात-आठच. टाइल्स फोडाव्या लागतील का? चौरस फुटाला काय दर? गॅरंटी किती वर्षांची? मध्येच पाऊस सुरू झाला तर? खर्च सोसायटीने करायचा की वरच्या मजल्यावाल्याने? हीच उत्तरं तो गच्चीवर उभं राहून, लोकलमध्ये लटकत, जेवता जेवता देत राहतो. त्याच्या वेबसाइटवर मात्र यातलं एकही उत्तर सापडत नाही. तिथे 'आमच्याविषयी', 'सेवा', 'फोटो', 'संपर्क', आणि हेल्मेट घालून हसणाऱ्या कुठल्यातरी परदेशी इंजिनिअरचा विकतचा फोटो.

ब्लॉग म्हणजे ही उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवायची जागा. शब्द हलका वाटत असेल तर मेनूत 'माहिती' किंवा 'नेहमीचे प्रश्न' म्हणा, गूगलला त्याने फरक पडत नाही. पुढे उदाहरण वॉटरप्रूफिंगचं घेतलं आहे, पण धंदा केटरिंगचा असो, पॅकर्स-मूव्हर्सचा असो की सीएचं ऑफिस असो, पायऱ्या त्याच.

फायदा नेमका कुठे होतो

पाच पानांची साइट दोनच तऱ्हेने सापडते: कोणी तुमचं नाव टाकलं तर, किंवा 'वॉटरप्रूफिंग भांडुप' असं सरळ टाकलं तर. दुसऱ्या शोधात वर जाहिराती, खाली नकाशावरची दुकानं, त्याखाली मोठमोठ्या यादीवाल्या साइट्स आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. पण ज्याच्या बेडरूमच्या छताला पोपडे आलेत, तो माणूस लगेच कंत्राटदार शोधत नाही. आधी तो 'छताला ओल कशामुळे येते' हे शोधतो. त्या प्रश्नावर तुमचा लेख समोर आला, तर कोटेशन मागायची वेळ येईपर्यंत तुमचं नाव त्याच्या ओळखीचं झालेलं असतं.

मुंबईत दुसरा फायदा मोठा आहे आणि त्याचा शोधाशी संबंधच नाही. सोसायटीचं काम एका माणसाच्या होकारावर मिळत नाही. सेक्रेटरी तीन कोटेशनं मागवतो, कमिटीपुढे ठेवतो. मग सभेत एखादे निवृत्त इंजिनिअर उठून विचारतात, कोबा (टाइल्सखालचा जलरोधक थर) उखडायचा कशाला, वरून कोटिंग मारून भागणार नाही का? त्या क्षणी तुम्ही तिथे नसता. तुमच्या लेखाची लिंक मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असू शकते, आणि सेक्रेटरीला 'हे वाचा' म्हणायला काहीतरी हाताशी असतं. शोधातून महिन्याला पन्नासच माणसं आली तरी अशा एका सभेसाठी लेख वसूल होतो.

तिसरा फायदा ऐकायला उलटा वाटेल: फोन कमी येतात. दर कोणत्या मर्यादेत असतो, काम किती दिवस चालतं, काय करून मिळत नाही, हे लेखात असलं की ज्यांना ते परवडणारच नाही ते फोन करत नाहीत. जे करतात, त्यांची निम्मी बोलणी आधीच झालेली असतात. शिवाय नव्याने कामाला लागलेल्या मुलाला ग्राहकाशी काय बोलायचं हे शिकवायला तेच लेख कामी येतात.

एका आठवड्यात ऑर्डर येतील अशी आशा मात्र ठेवू नका. नव्या लेखाला गूगलवर जम बसायला साधारण तीन ते सहा महिने धरा. म्हणून हंगामी धंद्याने कॅलेंडर उलटं मोजावं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. लोक गळतीची शोधाशोध एप्रिलपासून करतात. म्हणजे गच्चीवरचा लेख नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साइटवर चढलेला हवा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी लेख आंब्याच्या दिवसांत लिहावा.

सगळ्यांना हा उद्योग लागत नाही, हेही सांगायला हवं. वडापावची गाडी, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान, यांनी गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगल नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीवर) वेळ, फोटो आणि फोन नंबर बरोबर ठेवला की पुरे. घेण्याआधी गिऱ्हाईक चार दिवस विचार करतं, चार जणांना विचारतं, अशा धंद्याला ब्लॉगचा खरा उपयोग.

जागा आपल्या मालकीची हवी

सुरुवात डोमेनपासून. तुमच्या साइटचा पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे, हे आजच बघा. पुष्कळदा साइट बनवून देणाऱ्या मुलाने तो स्वतःच्या ईमेलवर घेतलेला असतो. मुलगा नोकरी धरून पुण्याला जातो, नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या खात्यात पडून राहतो आणि एक दिवस साइट गायब. डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) दोन्हींची खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलच्या ओटीपीवर हवीत. 'आपोआप नूतनीकरण' चालू ठेवा, आणि त्याला जोडलेलं कार्ड मुदत संपलेलं नाही ना तेही पाहा.

ब्लॉग याच डोमेनच्या आत, मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन उघडा. फुकटच्या दुसऱ्या ठिकाणी लेख लिहून साइटवरून लिंक दिली, तर लेखांनी कमावलेली पत त्या दुसऱ्या घरात जमा होते. इन्स्टाग्रामचंही तेच. तिथे जरूर असावं, पण तिथली पोस्ट दोन दिवसांत खाली जाते आणि सहा महिन्यांनी कोणाला शोधून मिळत नाही.

साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर पहिला लेख टाकण्याआधी सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी तपासा. 'रीडिंग' या पानावर सर्च इंजिनांना साइट नोंदवू नका असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनत असताना ती पुष्कळदा टिकमार्क केलेली असते आणि नंतर काढायची राहून जाते. वर्षभर लिहून एकही लेख गूगलवर दिसत नसेल, तर आधी ही चौकट बघा. 'जनरल'मध्ये साइटची भाषा मराठी करा. आणि 'परमालिंक्स'मध्ये, म्हणजे लेखांचे पत्ते कसे बनतात ते ठरवणाऱ्या पानावर, 'पोस्ट नेम' हा पर्याय निवडा.

त्या पोस्ट नेमबद्दल मराठीवाल्यांसाठी एक खास अडचण. शीर्षक देवनागरीत टाकलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत बनवतं. असा पत्ता कॉपी करून पाठवला की पुष्कळदा टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्या माळेत नऊ जागा खातं, काना-मात्रासुद्धा वेगळा मोजला जातो, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या या तुकड्याला २०० जागाच देतं. म्हणजे बाविसाव्या चिन्हापाशी तो मध्येच तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती माळ पाहून निम्मे लोक फसवणुकीची लिंक समजतात. उपाय सोपा: लेख मराठीत, पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, हाताने लिहिलेला. आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की पत्ता बदलू नका. बदलायचीच वेळ आली तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण (३०१ रीडायरेक्ट) लावून घ्या.

विषय सुचत नाहीत, ते ऐकावे लागतात

पंधरा दिवस फोनजवळ एक वही ठेवा. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की त्याच्याच शब्दांत लिहा, तोच पुन्हा आला की त्यापुढे एक रेघ मारा. तुम्ही 'जलावरोधन' म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. तो म्हणतो 'लीकेज', त्याची आई म्हणते 'गळती', आणि भिंत ओली दिसली की दोघं म्हणतात 'ओल आली'. लेखात हे तिन्ही शब्द सहज यायला हवेत. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जुने मेसेज चाळा: 'किती', 'गॅरंटी', 'कधी' असे शब्द शोधले की चार-पाच वर्षांचे प्रश्न वर येतात. प्रतिस्पर्ध्यांच्या गूगल रिव्ह्यूंत नाराज गिऱ्हाइकं काय लिहितात तेही वाचा. लोकांना कशाची भीती वाटते ते तिथे कळतं.

पंधरा दिवसांनी ज्या प्रश्नापुढे सर्वांत जास्त रेघा, तो पहिला लेख. एका प्रश्नाला एक लेख. 'वॉटरप्रूफिंगबद्दल सर्व काही' असं लिहायला घेतलंत तर ते पुरंही होत नाही आणि कोणाला सापडतही नाही.

एक लेख जवळून

समजा प्रश्न आहे: गच्चीच्या गळतीसाठी टाइल्स फोडाव्या लागतात का?

शीर्षक हाच प्रश्न ठेवा. 'गच्चीच्या समस्या आणि आधुनिक उपाय' असं शीर्षक सरकारी परिपत्रकाला शोभतं. शोधाच्या पानावर शीर्षकाची साधारण ५० ते ६० अक्षरं दिसतात, पुढची कापली जातात. म्हणून 'गच्ची' आणि 'गळती' सुरुवातीलाच हवेत.

पहिल्या चार ओळींत उत्तर देऊन टाका. असं: 'दर वेळी नाही. पाणी कठडा आणि स्लॅबच्या जोडातून किंवा पावसाच्या पाइपच्या तोंडाशी मुरत असेल, तर तेवढीच जागा उघडून काम होतं. टाइल्सखालचा कोबाच पाणी धरून बसला असेल, तर वरून मारलेलं कोटिंग टिकत नाही. तेव्हा फोडण्याला पर्याय नाही.' वाचणाऱ्याचा अर्धा जीव इथेच भांड्यात पडतो, आणि म्हणूनच तो पुढे वाचतो. उत्तर शेवटाला राखून ठेवलं तर तो मागे फिरून दुसऱ्याच्या साइटवर जातो.

मग दोन्हींतलं काय झालंय हे त्याला स्वतः कसं ओळखता येईल ते सांगा. पाण्याची चाचणी: पाइपची तोंडं बंद करायची, गच्चीवर २५ ते ५० मिलिमीटर पाणी साठवायचं, ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छतावर ओल कुठे, किती वेळाने उमटते ते खडूने तारखेसकट खुणावायचं. सोबत सावधगिरीही लिहा: स्लॅबच्या सळ्या गंजून प्लास्टर पडत असेल तर पाणी साठवू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. असं वाक्य धंद्याचं नुकसान करेल असं वाटतं, पण विश्वास बसतो तो त्याच वाक्याने.

पुढचा परिच्छेद कामाचा. कठडा आणि गच्ची जुळतात तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा, म्हणजे वाटा, किती जाडीचा काढता, थर कठड्यावर किती उंच चढवता, उतार पाइपकडे किती ठेवता, कोणत्या थरानंतर किती दिवस थांबता. आकडे तुमचे, तुमच्या कामातले. हे कोणत्याही पुस्तकातून उचलता येत नाही, आणि तेच तुमच्या लेखाचं भांडवल. 'उच्च दर्जाचं साहित्य आणि अनुभवी कामगार' हे शब्द सगळ्यांच्याच साइटवर आहेत, ते गाळा.

खर्चाचा परिच्छेद लोक टाळतात, आणि वाचणारा नेमका तोच शोधत असतो. एक आकडा देऊ नका, मर्यादा द्या: चौरस फुटाला इतक्यापासून इतक्यापर्यंत, अमुक महिन्यातला दर, जीएसटी धरून की सोडून, डेब्रिज उचलण्याचा खर्च आत की बाहेर, लिफ्ट नसेल तर माल चढवण्याचे वेगळे का. दर कशाने वाढतो ते सांगितलंत की तुमचं कोटेशन जास्त का आलं याचं उत्तरही आपोआप दिलं जातं.

आणि खर्च कोणी करायचा? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (बायलॉजप्रमाणे) गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी. 'तुमच्या संस्थेने स्वीकारलेले उपविधी एकदा पाहून घ्या' ही ओळ जोडा. ग्रुपवर सर्वांत जास्त फिरेल तो हाच परिच्छेद.

शेवटी एकच हाक: फोन नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपची क्लिक-टू-चॅट लिंक. लिंकमध्ये आधीच मजकूर भरून ठेवता येतो, तिथे 'गच्चीचा लेख वाचला, पाहणीसाठी वेळ हवी' असं लिहा. यामुळे कोणता माणूस कोणत्या लेखावरून आला हे मेसेज उघडताच कळतं.

लांबी किती? प्रश्नाला लागेल तेवढी. हा लेख ८०० ते १२०० शब्दांचा होईल. 'पाहणीचे पैसे घेता का' हा तीनशेत संपेल. गूगल शब्द मोजून क्रमांक देत नाही.

लिहायला बसणं जमत नसेल तर बोला. फोनमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं. गिऱ्हाइकाला फोनवर सांगता तसं सांगा, मग विरामचिन्हं आणि आकडे हाताने दुरुस्त करा. 'पन्नास'चं 'पन्नाशी' झालेलं दराच्या ओळीत महागात पडतं.

मराठी मजकुराची दुखणी

जुन्या कोटेशनांतला मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असेल तर तो जसाच्या तसा चिकटवू नका. ते फॉन्ट अक्षरांची फक्त चित्रं बदलतात. आत रोमन चिन्हंच असतात, त्यामुळे साइटवर कचरा दिसतो आणि गूगललाही कचराच दिसतो. आधी युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होते त्या प्रकारात) रूपांतर करा आणि मग एकदा पूर्ण वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास निसटतात. मजकुराची जेपीजी करून टाकणं हा उपाय नव्हे.

फॉन्टसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त', किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मोबाइलवर अक्षर १७-१८ पिक्सेलचं, ओळीची उंची १.६ ते १.८ पट. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ती कमी असते आणि मोठ्या शीर्षकांत वेलांट्यांचं डोकं कापलं जातं. थीमने शीर्षकाला अक्षरांतर दिलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं होतं.

इंग्रजीतही लेख हवा असेल तर वेगळं पान करा, दोन्ही पानं एचरेफलँगने (कोणतं पान कोणत्या भाषेतलं हे गूगलला सांगणाऱ्या खुणेने) एकमेकांना जोडा, आणि इंग्रजीत नव्याने लिहा. आपोआप भाषांतर करणाऱ्या प्लगइनने 'वाटा'चं काय केलं ते पाहाल तर हसू येईल. ते पान गिऱ्हाईकही पाहतं.

फोटो मोबाइलने काढलेले, कामाच्या जागचे. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून. फ्लॅटचा नंबर, नावाची पाटी, गाडीची नंबरप्लेट कापा आणि मालकाची परवानगी मेसेजवर घेऊन ठेवा. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी प्रकार, वजन १५० केबीच्या आसपास. फोनमधला चार एमबीचा फोटो थेट चढवला तर पानाचा मुख्य भाग उमटायला वेळ लागतो. गूगलच्या मापात तो २.५ सेकंदांत दिसायला हवा. तपासायचं तर ऑफिसच्या वायफायवर नको, संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये बसून उघडा.

प्रसिद्ध केल्यावर

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे शोधात आपली साइट कुठे आणि कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, फुकट आहे. साइट तिथे जोडा, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या, आणि नव्या लेखाचा पत्ता तपासणीच्या रकान्यात टाकून नोंदणीची विनंती करा. त्याच दिवशी 'सेवा' पानावरून आणि जुन्या दोन लेखांवरून नव्याला लिंक द्या. कुठूनच वाट नसलेलं पान गूगलला उशिरा सापडतं. बिझनेस प्रोफाइलवर दोन ओळींची पोस्ट आणि लिंक. छापील कोटेशनच्या तळाशी लेखाचा क्यूआर कोड. तो सभेत स्कॅन होतो.

पहिले तीन महिने क्लिक मोजू नका, इम्प्रेशन, म्हणजे शोधाच्या पानावर लेख किती वेळा दिसला ते बघा. लेख दिसतोय पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक बदला. दिसतच नाही, तर प्रश्न चुकीचा निवडला किंवा पान नोंदलंच गेलं नाही. शोधशब्दांची यादी नीट वाचा: लोक 'gachchi' हा शब्द रोमनमध्ये टाकतात की देवनागरीत, हे तिथेच दिसतं, आणि पुढच्या दोन लेखांचे विषयही. कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवतं, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा उतरवून ठेवा.

किती वेळा लिहायचं? महिन्याला एक नीट लेख पुरतो. 'महिन्याला ३० पोस्ट' असं पॅकेज विकणारे शेवटी गुढीपाडव्याच्या शुभेच्छा आणि जागतिक जलदिन लिहितात. एआयकडून एका रात्रीत चाळीस लेख पाडून घेण्याचा मोह त्याहून वाईट. क्रमांकासाठी ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. 'वॉटरप्रूफिंग मुलुंड', 'वॉटरप्रूफिंग विक्रोळी', 'वॉटरप्रूफिंग कांजूर' अशी फक्त गावाचं नाव बदललेली वीस पानंही त्याच रांगेत. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, वहीतल्या प्रश्नांची क्रमवारी लावून घ्या. चौरस फुटाचा दर आणि वाट्याची जाडी त्याला ठाऊक नाही.

प्रतिक्रियांचा रकाना बंद ठेवा, नाहीतर आठवड्यात जुगाराच्या लिंका साचतात. आणि दर डिसेंबरला अर्धा दिवस काढून दराची ओळ, वर्ष आणि फोन नंबर प्रत्येक लेखात तपासा. तीन वर्षांपूर्वीचा दर राहून गेला, तर सेक्रेटरी त्याचीच प्रिंट काढून सभेत घेऊन येतो.